‘करा’ की ‘करू’? ८ ऑगस्ट १९४२चं भाषण पूर्ण वाचताना

ओसरी

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं ८ ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून आम्ही दहा-पंधरा जण बसतो आणि गांधीजींनी १९४२ साली त्याच रात्री मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर केलेलं भाषण आळीपाळीनं मोठ्यानं वाचतो. आधी फक्त शेवटचा, सगळ्यांना पाठ असलेला भाग वाचायचो. गेल्या वर्षी ठरवलं की पहिल्या शब्दापासून वाचायचं. चाळीसएक मिनिटं झाली असतील, निम्मंही झालं नव्हतं, आणि कुणीही उठलं नाही.

खरं तर सुरुवातीलाच गाडी अडली होती. नववीतला एक मुलगा वाचत होता. दुसऱ्याच वाक्यावर तो थांबला आणि म्हणाला, “काकू, हे तेरा जण कोण?”

तेरा जण म्हणजे ठरावाच्या विरोधात मत देणारे. त्या रात्री अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत मौलाना आझाद अध्यक्ष होते. ‘छोडो भारत’चा ठराव नेहरूंनी मांडला, वल्लभभाईंनी अनुमोदन दिलं आणि तो प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. विरोधात तेरा मतं पडली, ती मुख्यतः कम्युनिस्ट सभासदांची. त्यानंतर गांधीजी बोलायला उभे राहिले. ठराव मंजूर केल्याबद्दल त्यांनी सभेचं अभिनंदन केलं आणि लगेच पुढं, आपण हरणार हे माहीत असूनही आपल्या उपसूचना मतास टाकायला लावणाऱ्या तिघांचं आणि विरोधात मत देणाऱ्या त्या तेरा जणांचंही अभिनंदन केलं.

त्या मुलाला हे पटेना. “आपल्या विरोधात गेले ना ते? मग अभिनंदन कशाला?” हॉलमध्ये क्षणभर कुणीच बोललं नाही. इतकी वर्षं हे भाषण आपल्याला माहीत आहे असं मी समजत होते. माहीत होते ते फक्त तीन शब्द.

आणि ते तीन शब्दही बरोबर माहीत नव्हते. आपण मराठीत सर्रास म्हणतो, ‘करा किंवा मरा’. पाठ्यपुस्तकात तेच, फलकांवर तेच. पण गांधीजी त्या रात्री आधी हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत, आणि हिंदुस्थानीत मंत्र दिला तो ‘करेंगे या मरेंगे’. म्हणजे ‘करू किंवा मरू’. ‘करा’ म्हणणारा व्यासपीठावर उभा असतो आणि बाकीच्यांनी करायचं असतं. ‘करेंगे’ म्हणणारा पहिला पाय स्वतः टाकतो. वयाची त्र्याहत्तरी दोन महिन्यांवर आलेला माणूस ‘आम्ही’ म्हणत होता. मराठीत येताना तो ‘आम्ही’ कुठंतरी गळून पडला.

या भाषणाचं स्मरण करायचं तर ते पूर्ण वाचूनच करावं, असं मला कळकळीनं वाटतं. तुमच्याकडे काही करतात का? मुलांना हे कसं सांगता? तुमच्या गावाकडच्या बेचाळीसच्या आठवणीही लिहा.

खडूफळा

ओसरीताई, तुमचा ‘करू’चा मुद्दा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी फळ्यावर ‘करा किंवा मरा’ असंच लिहिलं, मुलांकडून तसंच पाठ करून घेतलं. ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये तेच विचारलं. इंग्रजीत ते ‘डू ऑर डाय’ आहे आणि बहुधा त्यावरून आपलं ‘करा’ आलं असावं. पण मूळ हिंदुस्थानी समोर असताना इंग्रजीच्या वाटेनं मराठीत यायचं कारणच काय होतं? मला हे तेव्हा सुचायला हवं होतं.

मंत्राच्या पुढचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं आहे. एक तर हिंदुस्थान स्वतंत्र करू, नाही तर त्या प्रयत्नात मरू; गुलामगिरी कायम राहिलेली बघायला जगणार नाही, अशा अर्थाचं. तिथंही सगळं ‘आपण’.

प्राजक्त

सुंदर धागा. मी गिरगावात वाढले, त्यामुळं ते मैदान अगदी पायाखालचं. आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात, पण आमच्या घरात आजही गोवालिया टँकच. पूर्वी तिथं खरोखर तलाव होता, गवळी गुरं धुवायला आणायचे, म्हणून ते नाव असं आजी सांगायची. पुढं तलाव बुजवला.

एक गोष्ट बऱ्याच मुंबईकरांनाही ठाऊक नसते. मैदानाला लागूनच गोकुळदास तेजपाल संस्था आहे. २८ डिसेंबर १८८५ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथंच भरलं, ७२ प्रतिनिधी होते. म्हणजे ज्या संस्थेनं आपला पहिला श्वास तिथं घेतला, तिनंच ५७ वर्षांनी चार पावलांवर ‘चालते व्हा’ म्हटलं. गांधीजी मुंबईत उतरत ते मणिभवनही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

स्मृतिस्तंभाच्या आसपास मुलं क्रिकेट खेळत असतात. मला ते आवडतं.

शिक्कामोर्तब

सरकारी नोकरीत आहे, त्यामुळं या भाषणातला एक परिच्छेद मला फार जवळचा वाटतो. ओसरीताई, तुमच्या वाचनात तो आला असेलच. गांधीजींनी त्या रात्री एकेका वर्गाला वेगळं काम नेमून दिलं आहे. वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की दडपणाखाली छापण्यापेक्षा बंद केलेलं बरं. संस्थानिकांना सांगितलं की प्रजेचे विश्वस्त व्हा. सैनिकांना म्हणाले, नोकरी सोडू नका, पण सरकारला सांगा की न्याय्य हुकूम पाळू, आमच्याच लोकांवर गोळी झाडणार नाही.

आणि सरकारी नोकरांसाठी उदाहरण दिलं ते आपल्या न्यायमूर्ती रानड्यांचं! राजीनामा द्यायची गरज नाही, पण आपण काँग्रेसबरोबर आहोत हे सरकारला उघड कळवा. रानडे न्यायाधीश होते, तरी मी काँग्रेसचा आहे असं त्यांनी उघड सांगितलं. आपली मतं न्यायदानात आड येऊ देणार नाही, हेही सांगितलं. काँग्रेसच्याच मंडपात ते समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद भरवत, याचीही गांधीजींनी आठवण काढली.

ज्या रात्रीची ओळख आपण ‘बंड’ म्हणून करून घेतो, त्या रात्री एक माणूस हजारो लोकांसमोर एका न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक करत होता. आमच्या कार्यालयात कुणी कधी या परिच्छेदाचा उल्लेख केलेला मी ऐकला नाही.

खडूफळा

शिक्कामोर्तब, फार मोलाचं लिहिलंत. त्या मंडपावरूनच १८९५ साली पुण्याच्या अधिवेशनात केवढा वाद झाला होता! टिळकपक्षाचा सामाजिक परिषदेला मंडप द्यायला विरोध होता, शेवटी रानड्यांनी ती दुसरीकडं भरवली. ४७ वर्षांनी गांधीजींनी नेमकी तीच गोष्ट अभिमानानं सांगावी, याला फार अर्थ आहे.

कृष्णाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

भाषण पूर्ण वाचा म्हणता, तर त्यातलं हेही वाक्य वाचा: काहीही गुप्तपणे करू नका, हे उघड बंड आहे, या लढ्यात गुप्तता हे पाप आहे. आता माझ्या भागाकडं या. आमचं गाव कुंडलपासून जवळ. सातारा जिल्हा तेव्हा आजच्या सांगलीसकट होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं ते भूमिगत राहूनच. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना हे त्याचं लढाऊ दल, ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी अडवून लुटली, गावागावांत न्यायदान चाललं, हुंड्याशिवाय लग्नं लावली गेली. हे सगळं दवंडी पिटून झालं असतं का?

माझी पणजी रात्री भाकऱ्या थापून फडक्यात बांधायची आणि उसाच्या कडेला ठेवून यायची. कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही आणि मरेपर्यंत घरात कुणाचं नावही घेतलं नाही. सकाळी फडकं घडी घालून तिथंच असायचं. ते फडकं तिनं धुऊन ट्रंकेत जपून ठेवलं होतं. तिची गुप्तता पाप होती, असं मला कुणी सांगू नये.

ओसरी

कृष्णाकाठ, तुमच्या पणजीच्या फडक्यावर काय लिहू? वाचून डोळे भरून आले.

तुमचा मुद्दा टाळत नाही. ते वाक्य भाषणात आहेच, आणि गांधीजींनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना बाहेर या म्हणून सांगितलं. अरुणा असफ अलींना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: तुझं काम झालं, हाडांचा सापळा झाली आहेस, बाहेर ये, शरण जा आणि तुझ्यावर लावलेलं बक्षीस तूच मिळव, ते हरिजन कार्याला देऊन टाक. त्या आल्या नाहीत. वॉरंट रद्द झाल्यावर १९४६ सालीच बाहेर आल्या. पण ते पत्र त्यांनी जपलं. मतभेद होता आणि माया तशीच होती.

मला वाटतं, याची किल्ली भाषणातल्याच दुसऱ्या एका जागेत आहे, आणि माझ्यासाठी ती अख्ख्या भाषणातली सर्वांत मोठी जागा आहे. गांधीजी स्पष्ट म्हणतात की लढा या क्षणी सुरू होत नाही. तुम्ही फक्त अधिकार माझ्या हाती दिले आहेत. मी आधी व्हाइसरॉयला भेटेन, मागणी मान्य करा म्हणून विनवेन, त्यात दोन-तीन आठवडे जातील. मग ते स्वतःच विचारतात: तोवर तुम्ही काय करायचं? चरखा आहे, विधायक कार्यक्रम आहे. पण आणखी एक करायचं. या क्षणापासून तुमच्यातल्या प्रत्येकानं, प्रत्येकीनं स्वतःला स्वतंत्र समजायचं आणि स्वतंत्र माणसासारखं वागायचं. गुलाम ज्या क्षणी स्वतःला मुक्त समजतो, त्या क्षणी त्याची बेडी तुटते.

ते दोन-तीन आठवडे मिळालेच नाहीत. काही तासही मिळाले नाहीत. ९ ऑगस्टच्या पहाटे बिर्ला हाउसमधून त्यांना उचललं. खास गाडी बोरीबंदरहून निघाली. गांधीजी, सरोजिनीबाई, महादेवभाई, मीराबेन यांना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं, कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींऐवजी कस्तुरबा बोलणार होत्या, त्यांनाही पकडलं.

नेता नाही, आदेश नाही, तपशीलवार आराखडा तर आधीही नव्हता. लोकांजवळ उरलं होतं ते फक्त ‘स्वतःला स्वतंत्र समजा’ हे सांगणं. तुमच्या पणजीनं तेच केलं, तिच्या रीतीनं. तिला कुणी भाकऱ्या करायला सांगितलं नव्हतं.

सातपुडा

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी नंदुरबारचा.

९ सप्टेंबर १९४२, मंत्र दिल्याला महिना झालेला. शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघाली. पुढं शिरीषकुमार, वय १५. घरची भाषा गुजराती, म्हणून घोषणाही गुजरातीत: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’. झुकणार नाही, भारतभूचं निशाण झुकणार नाही. पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमारसह पाच मुलं गेली. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. आमच्याकडं ही नावं मुलांना एका दमात म्हणायला शिकवतात.

गोवालिया टँकवरचं भाषण या मुलांपर्यंत कसं पोचलं असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो. त्यांनी ते ऐकलं नव्हतं. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. पोचले असतील ते तेवढेच तीन शब्द, कानोकानी. ओसरीताई, तुम्ही म्हणता की तीन शब्दांनी बाकीचं भाषण झाकून टाकलं. ते खरं आहे. पण त्या वेळी ते तीन शब्द होते म्हणूनच मुंबईहून नंदुरबारपर्यंत आले. अख्खं भाषण आलं नसतं. गांधीजींनीही मंत्र ‘छोटासा’ आहे, हृदयावर कोरून ठेवा असंच म्हटलं होतं.

प्राजक्त

सातपुडा, शब्द पोचवायला माणसंही जिवावर उदार झाली होती. उषाताई मेहता बावीस वर्षांच्या होत्या, तेव्हा साथीदारांबरोबर त्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. ‘हिंदुस्थानात कुठून तरी, ४२.३४ मीटर्सवरून’ अशी घोषणा व्हायची. पोलिस मागावर, म्हणून जागा बदलत राहायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ला पकडल्या गेल्या, चार वर्षं तुरुंगवास. पुढं मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, मणिभवनचं काम पाहिलं. दर वर्षी ९ ऑगस्टला मैदानावर जायच्या. २००० साली अंगात ताप असताना गेल्या आणि ११ ऑगस्टला त्यांचं निधन झालं.

मी शाळेत असताना बाबांनी गर्दीतून त्यांना लांबून दाखवलं होतं. छोट्या चणीची, पांढऱ्या खादीतली बाई. बाबा म्हणाले, “या बाईंचा आवाज पकडायला अख्खं पोलिसखातं फिरत होतं.” मला वाटलं होतं, आवाज मोठा असेल. अगदी हळू होता.

कृष्णाकाठ

ओसरीताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पूर्ण पटलं असं नाही. ‘तिनं तिच्या रीतीनं तेच केलं’ हे आपण आज म्हणतो. गांधीजींनी ते मान्य केलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. पण तेरा जणांची गोष्ट मला माहीत नव्हती. विरोधात मत देणाऱ्याचं अभिनंदन करूनच जो बोलायला सुरुवात करतो, त्याच्याशी पणजीच्या बाजूनं वाद घालायला मला संकोच वाटणार नाही. तेवढी जागा त्यानं ठेवलेली आहे.

यंदा गावच्या वाचनालयात हे वाचन करायचं म्हणतो. किती वेळ धरावा?

ओसरी

दोन्ही भाषणं मिळून दोन तास धरा. हिंदुस्थानी भाषणात हिंदू-मुस्लीम ऐक्यावर फार मोठा भाग आहे. गांधीजी खिलाफतीच्या दिवसांची आठवण काढतात, जिनांना उद्देशून बोलतात. तो भाग लांब वाटेल, तरी गाळू नका. पाच वर्षांनी काय झालं हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळं तो वाचताना आवाज आपोआप खाली येतो. आमच्याकडं तो भाग नेहमी एक निवृत्त परिचारिका वाचतात, मध्ये थांबून पाणी पितात.

शक्य असेल तर एकेक परिच्छेद त्या-त्या कामाच्या माणसाला द्या. गावात निवृत्त सैनिक असतील तर सैनिकांचा परिच्छेद त्यांना. वार्ताहर असेल तर वर्तमानपत्रांचा त्याला. शिक्कामोर्तब, तुम्ही आमच्या जवळपास राहत असाल तर रानड्यांचा परिच्छेद तुमचा.

शिक्कामोर्तब

जवळपास नाही, पण येईन. रजा टाकतो.

खडूफळा

मी निवृत्त झालो, पण शाळेत अजून बोलावतात. ९ ऑगस्टच्या परिपाठात यंदा फळ्यावर ‘करेंगे या मरेंगे’ लिहीन, खाली ‘करू किंवा मरू’ आणि त्याच्याखाली जुनं ‘करा किंवा मरा’. मुलांनाच विचारेन, फरक काय दिसतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघं आता तिथंच शिक्षक आहेत. त्यांच्यासमोर सांगायचं आहे की मी चुकीचं शिकवलं होतं.

सातपुडा

सर, वाचनाला आमच्याकडची पाच नावंही घ्या.

ओसरी

घेऊ. सातपुडा, शशिधरचं आडनाव केतकर ना? नावं नीट लिहून पाठवा, वाचनाच्या कागदावरच घालते.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षीचा तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. परवा जिन्यात भेटला. म्हणाला, “काकू, यंदा ते तेरा जणांचं वाक्य मीच वाचणार, दुसऱ्या कुणाला देऊ नका.” क्लास सुटायला उशीर होतो म्हणून आपण साडेसातऐवजी आठला बसतोय.